कुटुंबासाठी पादत्राणांची खरेदी: माप, साचा, सोल आणि पावसाळा

चपला-बुटांची खरेदी बहुतेक घरांत घाईतच होते. शाळा उघडायला चार दिवस उरलेले असतात, पहिला पाऊस पडून गेलेला असतो किंवा लग्नाची तारीख तोंडावर आलेली असते. अशा वेळी दुकानात शिरताच ‘सात नंबर दाखवा’ एवढेच सांगितले जाते आणि पुढचा सगळा निर्णय रंग व किंमत यांवर होतो. प्रत्यक्षात बुटावर छापलेला नंबर हा पायाचा नसतो. ज्या साच्यावर तो बूट ताणून शिवला किंवा चिकटवला जातो, त्या साच्याच्या लांबीचा तो आकडा असतो. दोन कारखान्यांचे साचे रुंदीला, चवड्याच्या उंचीला आणि बोटांकडच्या निमुळतेपणाला वेगळे असतात, त्यामुळे एकाचा सात पायात नेमका बसतो आणि दुसऱ्याचा सात करंगळी सोलून काढतो. म्हणून या लेखातील खरेदीची सुरुवात दुकानातून होत नाही, घरातल्या जमिनीवर ठेवलेल्या कागदापासून होते.

पहिली पायरी: घरातील प्रत्येकाच्या पायाचे माप घेणे

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभर उभे राहून आणि चालून पाऊल थोडे फुगते. सकाळच्या मापाने घेतलेला बूट संध्याकाळी आवळतो. सपाट फरशीवर, भिंतीला चिकटवून कोरा कागद ठेवावा आणि ज्याचे माप घ्यायचे त्याने टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे. बसून घेतलेले माप कमी भरते, कारण भार पडल्यावरच पाऊल लांबीला आणि रुंदीला पसरते. पेन्सिल कागदाला काटकोनात उभी धरून सर्वांत पुढे आलेल्या बोटापाशी खूण करावी. हे बोट अंगठाच असेल असे नाही. पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे बोट लांब असते आणि अंगठ्यावरून घेतलेल्या मापाचा बूट नेमका त्या बोटाच्या नखाला मारतो.

लांबीनंतर चवड्याची रुंदी मोजावी. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला जे हाड पुढे येते आणि करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला जे येते, त्या दोन बिंदूंमधले अंतर मोजायचे. शिवणकामाची टेप असल्यास त्याच जागी पावलाचा घेरही घ्यावा. तिसरे एक माप आपल्याकडे जवळजवळ कोणीच घेत नाही, ते म्हणजे टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापर्यंतचे अंतर. अमेरिकेतील सिराक्यूज शहरातले चार्ल्स ब्रॅनक यांनी 1920च्या दशकात पाय मोजण्याचे जे धातूचे उपकरण तयार केले आणि जे अजूनही काही मोठ्या दुकानांत दिसते, त्यात पूर्ण लांबी व रुंदी यांबरोबर या अंतरासाठी वेगळी सरकपट्टी आहे. कारण साधे आहे: बूट जिथे वाकतो तिथेच पाऊल वाकले पाहिजे. लांब बोटांच्या आणि आखूड बोटांच्या दोन व्यक्तींची एकूण लांबी सारखी असली, तरी त्यांचे पाऊल वाकण्याची जागा वेगळी असते, आणि बूट चुकीच्या जागी वाकू लागला की तळवा दुखतो व अपरला, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाला, आडवी चीर पडते.

दोन्ही पाय मोजावेत. दोहोंत काही मिलिमीटरांचा फरक असणे अगदी सामान्य आहे आणि खरेदी नेहमी मोठ्या पायाच्या मापाने करावी. लहान पायाच्या बुटात पातळ इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, घालता येतो, मोठ्या पायासाठी मात्र बूट वाढवता येत नाही. नाव, तारीख, डावा, उजवा, लांबी, रुंदी अशी नोंद एका वहीत किंवा फोनमध्ये ठेवली, तर ऑनलाइन खरेदी करताना आणि गावाकडच्या आजी-आजोबांसाठी शहरातून चपला नेताना ती फार उपयोगी पडते.

दुसरी पायरी: मापावरून नंबर काढणे

आपल्या बाजारात ब्रिटिश आणि युरोपीय अशा दोन पद्धती एकत्र नांदतात आणि परदेशी कंपन्यांच्या बुटांवर तिसरा, अमेरिकी आकडाही छापलेला असतो. ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचे अंतर इंचाचा तिसरा भाग, म्हणजे सुमारे 8.5 मिलिमीटर असते, तर युरोपीय पद्धतीत ते सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे 6.7 मिलिमीटर असते. या दोन पायऱ्यांची उंचीच सारखी नसल्यामुळे ‘सात म्हणजे एक्केचाळीस’ असली समीकरणे सर्व कंपन्यांत जुळत नाहीत.

घरच्या घरी अंदाज काढायचा असेल, तर पायाच्या लांबीत दीड सेंटिमीटर मिळवावे; ही साच्याची अंदाजे लांबी झाली. तिला दीडने गुणले की युरोपीय नंबर मिळतो. तीच लांबी इंचांत करून तिपटीतून 25 वजा केले की प्रौढांचा ब्रिटिश नंबर मिळतो. उदाहरणार्थ, पाय 25 सेंटिमीटर असेल तर साचा साडेसव्वीसचा, युरोपीय नंबर 39.75, म्हणजे 40, आणि ब्रिटिश नंबर 6 ते साडेसहा. अमेरिकी आकडा पुरुषांच्या बुटांत ब्रिटिश आकड्यापेक्षा साधारण एकाने आणि स्त्रियांच्या बुटांत साधारण दोनाने जास्त असतो. काही बुटांच्या जिभेवर 250 किंवा 255 असा आकडा मिलिमीटरमध्ये किंवा 25.0 असा सेंटिमीटरमध्ये छापलेला असतो; तो असल्यास बाकीचे आकडे बाजूला ठेवून आधी त्यावर विश्वास ठेवावा, कारण तो बहुधा थेट पायाच्या लांबीशी जोडलेला असतो.

मुलांच्या ब्रिटिश नंबरांत आणखी एक गोंधळ आहे. ते 13 पर्यंत जातात आणि त्यानंतर पुन्हा 1 पासून सुरू होतात. 13 नंतर 1 मागितल्यावर दुकानदार तान्ह्या बाळाचे बूट काढणार नाही हे खरे, परंतु ऑनलाइन यादीत ‘1’ निवडताना तो मोठ्या मुलांच्या गटातला आहे की बाळांच्या, हे पाहिलेच पाहिजे.

या सगळ्या परक्या पद्धतींवर उतारा म्हणून चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती प्रस्तावित केली आहे. भारतीय पाऊल युरोपीय पावलापेक्षा चवड्याला रुंद असते, हे त्या पाहणीतून ठळकपणे पुढे आले. लांबीला बसणारा बूट रुंदीला आवळतो म्हणून एक नंबर मोठा घेण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिचे मूळ यात आहे. ती सवय सोडावी. मोठ्या नंबरात टाच सुटते, पाय पुढे घसरतो आणि बोटे अखेर पुढच्या टोकाला जाऊन आपटतातच. अशा वेळी त्याच नंबरात रुंद साच्याचा बूट शोधणे हाच खरा उपाय असून काही कंपन्या ‘वाइड’ किंवा ‘2ई’ अशा खुणेने तो देतात.

तिसरी पायरी: कोणाला काय हवे ते ठरवणे

लहान मुलांपासून सुरुवात करावी, कारण घाईचा आणि काटकसरीचा सर्वाधिक फटका त्यांनाच बसतो. बाळाच्या पावलात हाडांपेक्षा कूर्चा जास्त असते आणि पावलाची वाढ किशोरवयापर्यंत चालू राहते. त्यामुळे आवळ बूट लहान मुलाला दुखतोच असे नाही, पाऊल मुकाट्याने त्यात मावून जाते. ‘चावतोय का?’ या प्रश्नाला मूल ‘नाही’ म्हणाले म्हणजे बूट बसला, असे समजू नये. उभे राहिलेल्या मुलाच्या सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा असावी. ती बुटावरून दाबून नीट कळत नाही, कारण मूल बोटे आत ओढून घेते. आतला इनसोल बाहेर काढता येत असेल, तर तो जमिनीवर ठेवून त्यावर मुलाला उभे करावे. चालू लागलेल्या मुलाचे माप दर दोन-तीन महिन्यांनी आणि शाळकरी मुलाचे वर्षातून निदान दोनदा घ्यावे. मोठ्या भावंडाचा शाळेचा बूट धाकट्याला देण्याची पद्धत काटकसरीची असली, तरी आतला तळ आणि टाच एका पायाच्या चालीप्रमाणे घासलेली असेल तर तो देऊ नये. क्वचित घातलेला समारंभाचा बूट द्यायला हरकत नाही. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचे तळवे सपाट दिसणे बहुधा स्वाभाविक असते, त्यासाठी दुकानदाराच्या सांगण्यावरून तळव्याच्या कमानीला आधार देणारे महागडे ‘आर्च सपोर्ट’ घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

शाळेच्या बुटांबाबत एक अप्रिय सूचना. जून महिन्यात काळ्या बुटांची एक जोडी घेऊन ती रोज घालायला लावणे म्हणजे तिला दिवाळीपर्यंत कुजवणे होय. ओला बूट आतून सुकायला पूर्ण दिवस लागतो, पावसाळी हवेत त्याहून अधिक. शाळा परवानगी देत असेल तर पावसाळ्यात टाचेला पट्टा असलेल्या रबरी सँडल वापराव्यात आणि चामड्यासारखा दिसणारा बूट सप्टेंबरनंतर घ्यावा. तोवर मुलाचा पाय वाढलेला असतो आणि नवे माप उपयोगी पडते.

कमावत्या माणसांपैकी जे दिवसभर उभे असतात, म्हणजे शिक्षक, विक्रेते, परिचारिका, सुरक्षारक्षक, त्यांनी दिसण्यावरचा खर्च सोलकडे वळवावा. सोलच्या नावांत गोंधळून जाऊ नये. ईव्हीए हा फेसाळ पदार्थ हलका आणि मऊ असतो, पण रोजच्या भाराने दबत जातो. पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन, जास्त काळ उसळी टिकवतो. टीपीआर, म्हणजे रबरासारखे प्लास्टिक, आणि रबर ओल्या फरशीवर अधिक चांगली पकड देतात. पीव्हीसी स्वस्त व टिकाऊ असले तरी जड असते आणि ओल्या गुळगुळीत फरशीवर निसरडे ठरते. पीयूबद्दल कोकणातल्या आणि मुंबईतल्या वाचकांनी एक गोष्ट मुद्दाम जाणून घ्यावी: दमट हवेत हा पदार्थ हळूहळू विघटित होतो आणि तोही न वापरता ठेवलेल्या बुटात अधिक लक्षात येतो. लग्नात घातलेला आणि मग तीन-चार वर्षे कपाटात जपून ठेवलेला बूट एका संध्याकाळी सोलचे तुकडे सोडत चालू लागतो, तो यामुळे. असे बूट अधूनमधून वापरावेत आणि सवलतीच्या सेलमध्ये जुना साठा घेताना निर्मितीची तारीख बघावी.

कारखान्यात, बांधकामावर किंवा गोदामात काम असेल तर साध्या जाड बुटावर समाधान मानू नये. आयएस 15298 या भारतीय मानकाची खूण असलेला सुरक्षा बूट घ्यावा. त्याच्या दुसऱ्या भागातील बुटाची पुढची टोपी 200 ज्यूलपर्यंतचा आघात सोसेल अशी तपासलेली असते. शेतकऱ्यासाठी आणि भातलावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्यांसाठी गमबूट ही चैन नव्हे. साप बहुधा घोट्याच्या आसपास चावतो आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू भेगाळलेल्या किंवा जखमी कातडीतून शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत या आजाराची जी साथ आली, ती घाण पाण्यात अनवाणी किंवा उघड्या चपलेने चालण्याचा धोका दाखवून गेली. गमबूट गुडघ्याच्या थोडा खालपर्यंत यावा, मोज्यासह घालून पाहावा आणि आतून कापडी अस्तर असावे, नाहीतर घामाने तो दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात जाऊन पडतो.

घरात मधुमेही व्यक्ती असेल, तर सर्वांत जास्त वेळ आणि गरज पडल्यास सर्वांत जास्त पैसे तिच्या पादत्राणांवर खर्च करावेत. दीर्घकाळच्या मधुमेहात तळव्याची संवेदना कमी होते, त्यामुळे चपलेतला खडा, वर आलेला खिळा किंवा आवळणारा पट्टा जाणवतच नाही आणि जखम लक्षात येईपर्यंत चिघळलेली असते. अशा व्यक्तीसाठी अंगठ्याची चप्पल, म्हणजे दोन बोटांमध्ये पट्टा जाणारी चप्पल, टाळावी. पट्टे रुंद आणि आतून मऊ असावेत, वेलक्रोने सैल-घट्ट करता यावेत, टाचेला मागून पट्टा असावा आणि कोठेही खिळा ठोकलेला नसावा. सोल शिवलेला किंवा चिकटवलेलाच हवा. आतला तळ सूक्ष्मछिद्री रबराचा असावा, ज्याला दुकानांत आणि रुग्णालयांत एमसीआर म्हणतात. संवेदना गेलेल्या पायांच्या जखमांवर शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतील वेल्लोर व करिगिरी येथे कुष्ठरुग्णांसाठी केलेल्या कामातून अशा मऊ तळाच्या पादत्राणांचा विचार रुजला आणि पुढे तो मधुमेहींच्याही कामी आला. बाजारात ‘डायबेटिक’ असे लिहिलेली प्रत्येक चप्पल या कसोट्यांना उतरत नाही. तळ अंगठ्याने दाबावा, तो दबून परत वर आला पाहिजे, पण एवढा मऊ नसावा की अंगठा खालच्या सोलला टेकेल. पायाचा आकार बदललेला असेल किंवा आधी जखम झालेली असेल, तर तयार चप्पल न घेता डॉक्टरांच्या सल्ल्याने माप देऊन करून घ्यावी.

बाकीच्या वयस्करांसाठी निकष थोडा वेगळा आहे: पकड, हलकेपणा आणि वाकून बांधावे न लागणे. घरात वापरायच्या जुन्या, गुळगुळीत झालेल्या स्लिपर हे पडण्याचे मोठे कारण असते, आणि त्या बदलण्याबाबत घरातली मंडळी सहसा शेवटी विचार करतात.

कोल्हापुरी घेताना

कोल्हापुरीचा विषय वेगळा काढावा लागतो, कारण तिला वरचे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातील अथणीच्या कारागिराने केलेली चप्पलही अस्सल कोल्हापुरीच आहे, हे आपल्याकडच्या अभिमानी ग्राहकांनी मान्य करायला हवे. पारंपरिक चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते आणि तिची जोडणी खिळ्यांनी न करता चामड्याच्या वादीने केलेली असते.

पारखताना चपलेच्या कडेकडे पाहावे. खऱ्या तळाच्या कडेला चामड्याचे थर दिसतात. पुठ्ठ्याचा भर घातलेला असेल तर कड रंगाने झाकलेली असते आणि नखाने खरवडल्यास खाली करडा लगदा दिसतो. वादीचे टाके तळाच्या दोन्ही बाजूंनी दिसले पाहिजेत; नुसत्या दिखाऊ टाक्यांखाली डिंकाने चिकटवलेला तळ पहिल्या पावसात उलगडतो. अंगठा आणि पट्टा नवीन असताना किंचित घट्टच घ्यावेत, कारण चामडे रुंदीला सैलावते. लांबीला मात्र ते वाढत नाही, म्हणून टाच तळाच्या बाहेर जात असेल तर ‘वापरून बसेल’ या आश्वासनावर विसंबू नये. पहिल्या काही दिवसांत चावणाऱ्या पट्ट्याला आतून थोडे खोबरेल किंवा एरंडेल तेल लावून रात्रभर ठेवतात. पावसाळ्यात ती घालूच नये. भिजलीच तर सावलीत, वाऱ्यावर सुकवावी. उन्हात किंवा हीटरसमोर ठेवल्यास चामडे कडक होऊन तडकते.

चौथी पायरी: दुकानात तपासणी

दुकानात जाताना रोज वापरायचे मोजे बरोबर न्यावेत, कारण दुकानातले पातळ मोजे माप फसवतात. दोन्ही पायांत बूट घालून, नाडी नीट बांधून, गालिचावर नव्हे तर कडक फरशीवर चालून पाहावे. मग बूट हातात घेऊन तीन गोष्टी कराव्यात. पुढचे टोक आणि टाच धरून दाबावे: तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडत असेल तर परत ठेवावा. दोन हातांनी कपडा पिळतात तसा पिळून पाहावा: रोजच्या चालण्याचा बूट थोडाच वळला पाहिजे. टाचेची मागची भिंत अंगठ्याने दाबावी: ती सहज आत गेली, तर त्या बुटात टाच धरून ठेवण्याची ताकद नाही. चप्पल असेल तर ती सपाट काउंटरवर ठेवून डगमगते का ते बघावे, आणि आत हात घालून शिवणीची गाठ किंवा टोचणारी कड शोधावी; ही शेवटची तपासणी कोणीही करत नाही, आणि पायाला फोड आल्यावर सगळेच करतात.

एकेकाळी, साधारण 1920 ते 1950च्या दशकांत, अमेरिका-युरोपातल्या दुकानांत मुलांचे पाय बुटात कसे बसले ते दाखवायला क्ष-किरण यंत्रे ठेवलेली असत. किरणांचा धोका लक्षात आल्यावर ती हटवली गेली. आज काही दुकानांत पाय ‘स्कॅन’ करून देतात, ते कॅमेरा किंवा दाबमापक वापरतात आणि निरुपद्रवी असतात, परंतु त्यांच्या अहवालाला जोडून येणाऱ्या महागड्या इनसोलची गरज प्रत्येकाला नसते.

पाचवी पायरी: खोका, खूण आणि बिल

खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना व वर्ष, निर्माता किंवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क असला पाहिजे. काही बुटांवर छोटी चित्रे असतात: पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, त्या आकृतीत तिरका चौकोन म्हणजे थर दिलेले चामडे, विणीची जाळी म्हणजे कापड आणि नुसता तिरका चौकोन म्हणजे इतर, बहुधा कृत्रिम, पदार्थ. ‘लेदर’ म्हणून विकलेल्या बुटाच्या अपरसाठी शेवटचे चित्र असेल, तर वाद घालण्यासाठी वेगळा पुरावा लागत नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडीवर 5 टक्के आणि त्यावरील जोडीवर 18 टक्के वस्तू व सेवा कर आहे. छापील किमतीत कर धरलेला असतोच, त्यामुळे बिलात तो वरून लावला गेला तर ते चूक आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी पाहून गप्प बसू नये: 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास 30 दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मात्र हे संरक्षण दोष असलेल्या मालासाठी आहे, रंग न आवडल्यासाठी नाही. सोल निघणे, शिवण उसवणे, नंबर आणि माप न जुळणे अशा तक्रारींसाठी छायाचित्र आणि बिल जपून ठेवावे. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

घरी आणल्यानंतर

पहिले दोन-तीन दिवस नवा बूट घरातच, स्वच्छ फरशीवर, तास-दोन तास घालावा. सोल कोरा राहिल्यास बदलून घेता येतो. मधुमेही व्यक्तीने प्रत्येक वेळी बूट काढल्यावर तळवा आरशात पाहावा, आणि लाल डाग पुसट होत नसेल तर ती जोडी वापरू नये.

भिजलेल्या बुटातून नाडी आणि इनसोल बाहेर काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि ते ओले झाले की बदलावेत. मुलांचे कॅनव्हासचे बूट वॉशिंग मशीनमध्ये धुता येतात, पण नाडी काढून, जाळीच्या पिशवीत घालून, थंड पाण्यात आणि ड्रायर न लावता. चामडे, चामड्याचा तळ किंवा चिकटवलेला पुठ्ठा असलेली कोणतीही वस्तू मशीनमध्ये घालू नये. टाचेचा कोपरा एका बाजूने घासला जाऊ लागला की लगेच रबराचा तुकडा बसवून घ्यावा. कारागिराला हे काम काही मिनिटांचे असते, तर घासलेली टाच तशीच वापरल्यास पुढच्या महिन्यात आतली बाजूही कलते आणि दुरुस्तीऐवजी नवी जोडी घ्यावी लागते.